काठोकाठ

"टेन्शन कसलं आहे तुम्हाला?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे पाहिलं. पण पाहुण्यांसमोर 'म्हण रे कविता' म्हटल्यावर पोराचं जसं होतं, तसं माझं झालं. एकही आठवेना.

"तसं काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही कसं? हा आकडा बघा." त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला. "असायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे."

शेजारच्या खुर्चीत अण्णा, म्हणजे माझे वडील, बसले होते. त्यांनी रिपोर्ट न बघताच "अरारारा" म्हटलं. मग बघितला आणि परत म्हटलं.

मॅडम समजावून सांगू लागल्या. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडते. सकाळी अंथरुणातून उठायला ते लागतं, कुत्रं मागं लागल्यावर पळायलाही लागतं. "पण कुत्रं गेलं की ते खाली यायला हवं. तुमचं येत नाहीये. वर्षानुवर्षं असंच राहिलं की बीपी चढतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा गोल होतो."

"म्हणजे कुत्रं अजून मागं हाय?" अण्णांनी विचारलं.

"ते कुठलं, तेच विचारतेय मी."

दोघं माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीबाहेर बघितलं. मिरजेच्या त्या रस्त्यावर खरंच एक कुत्रं होतं, पण ते झोपलं होतं.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी सांगलीत गाद्यांच्या दुकानात कामाला होतो. माझं काम असं, की गिऱ्हाईक आलं की गादीवर झोपून दाखवायचं. कापसाची, फोमची, काथ्याची. कुशीवर वळायचं, "कंबर बघा कशी सरळ राहते" म्हणायचं आणि उठायचं. पंख्याखाली एखाद्या दुपारी उठायचं राहूनही जायचं. मालक बाबूशेठ तेव्हा गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगायचे, "बघा, यावरनं काय ते ओळखा." अशा माणसाला ताणाचा आजार निघतो म्हणजे गोगलगायीला दम लागल्यासारखं.

निघाला कसा, तर महावीर जयंतीच्या रक्तदान शिबिरात माझं बीपी भलतंच वर लागलं. त्यांनी रक्त घेतलं नाही. घरच्या डॉक्टरांनी माझ्या गोल चेहऱ्याकडे बघून मिरजेला ग्रंथींच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मॅडमनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. त्यासाठी लॅबवाल्यांनी एक मोठा पांढरा कॅन दिला. दिवसभराची सगळी त्यात धरायची आणि कॅन थंड ठेवायचा.

"थंड म्हणजे?" आईनं विचारलं.

"फ्रीजमध्ये ठेवला तरी चालतो म्हणाले."

आईनं एकदा फ्रीजकडे बघितलं. आम्ही जैन. आमच्या फ्रीजला आजवर कांद्याचं तोंड माहीत नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मग फ्रीज तुझ्या खोलीत ने. मला नवीन घ्या."

म्हणून कॅन न्हाणीघरात बादलीत ठेवला. भोवती बर्फ, वर ओलं पोतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनीच तो स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून लॅबमध्ये पोचवला. त्याचा हा रिपोर्ट.

"पाणी मात्र भरपूर पिता, ते चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. सगळ्या कागदात ही एकच ओळ माझ्या बाजूची होती. मी जरा ताठ बसलो.

मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. दोन शक्यता. एक, ताण आणि झोप. दुसरी, ग्रंथीवर एखादी गाठ. "महिनाभर मी सांगते तसं वागा. रात्री दहाला मोबाईल बंद, वेळेवर झोप, रोज चालणं, चहा कमी, आणि जे काय डोक्यात आहे ते कुणाशी तरी बोला. मग परत तपासू. तेव्हाही एवढंच आलं तर स्कॅन. स्कॅनमध्ये काही दिसलं तर ऑपरेशन."

परत येताना अण्णा स्कूटर चालवत होते, मी मागं. सांगलीच्या अलीकडे सिग्नलला ते मान न वळवता म्हणाले, "सुकुमार, मला सांग बघू. मी काय रागवणार नाही."

"काय सांगू?"

"जे हाय ते."

"काहीच नाही, अण्णा."

"एवढं मोठं हाय होय," ते म्हणाले, आणि स्कूटर पुढं काढली.

आईनं वेगळ्या बाजूनं सुरुवात केली. सूर्यास्ताच्या आत आमची जेवणं होतात. त्या दिवशी ताट वाढताना तिनं विचारलं, "कुणी मुलगी आहे का?"

"नाही."

"बघ हं. जातीबाहेरची असली तरी सांग."

"कुठलीच नाही, आई."

तिनं भाकरी ताटात टाकली. "मग तेच टेन्शन असणार."

बाबूशेठ तर मला दुकानात उभंच राहू देईनात. भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक आलं की ते मला डोळ्यांनीच आत पाठवायचे. आत जुन्या गाद्यांच्या थप्पीवर मी पडून राहायचो आणि टेन्शन शोधायचो. भाड्याचं घर नाही. परीक्षा नाही. सासू नाही. शाळेतला एक पोरगा आठवला, त्यानं माझं कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं होतं. ते आतून मला कुरतडत असेल का? त्याला फोन लावला. तो पुण्यात होता. म्हणाला, "कोण सुकुमार?" झालं, तेही संपलं.

रात्री दहाला दिवा बंद व्हायचा. पूर्वी मी उशीला डोकं टेकायच्या आधी झोपायचो. आता अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचो. ग्रंथीवर गाठ आहे का ताण आहे? ताण असेल तर कुठाय? नसेल तर गाठच. गाठ असेल तर कापणार. मग मला खरंच टेन्शन यायला लागलं. एका अर्थी बरं वाटलं, की चला, सापडलं. पण ते तपासणीनंतरचं होतं, त्यामुळं धरता येत नव्हतं.

आणि पहाटे अण्णा उठवायचे.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि आमच्या कॉलनीच्या बागेतल्या हास्यक्लबचे अध्यक्ष. क्लब काढला हणबर गुरुजींनी. ते वारल्यावर सगळ्यांनी अण्णांना पुढं केलं, कारण अण्णांचं हसणं मोठं. 'होऽऽ हो हो हो' अशी त्यांनी आरोळी मारली की पलीकडच्या गल्लीत कुकरची शिट्टी समजून लोक गॅस बारीक करतात, असं आई म्हणायची.

"ताणावर यासारखं औषध नाही," अण्णा मला ओढत नेताना म्हणायचे. "मला बघ. हाय का काय मला? बीपी कधी मोजलं नाही मी आजवर."

बागेत तीसेक म्हातारी माणसं गोल करून उभी असायची आणि अण्णांच्या तोंडाकडे बघत राहायची. अण्णा सुरू झाले की सगळी सुरू. सिंहहास्य म्हणजे जीभ बाहेर काढून. मोबाईलहास्य म्हणजे हात कानाला लावून. ताकहास्य म्हणजे रवी फिरवत. मी सगळ्यांत मागं, कुंभोजकर काकूंच्या शेजारी उभा राहून ताक घुसळायचो.

"मनापासून हस की रे," काकू हसता हसता म्हणायच्या. "तुला गाठ हाय ना?"

"अजून नक्की नाही, काकू."

"व्हईल, व्हईल. हो हो हो."

असा महिना गेला आणि कॅन परत आला.

रविवार होता. मी घरीच होतो. सकाळपासून जे करायचं ते कॅनमध्ये करत होतो आणि बर्फ बदलत होतो. दुपारी जेवून गेलो तेव्हा कॅनचा तळ जेमतेम झाकला होता. थोडा पडलो, झोप लागली. उठून परत न्हाणीघरात गेलो, पोतं काढलं आणि बघतच राहिलो. कॅन अर्ध्याच्या वर गेला होता.

आधी वाटलं, बर्फ वितळून आत गेला. पण झाकण घट्ट होतं. मग वाटलं, मी झोपेत चालतो. झोपेत चालत येतो, पोतं काढतो, काम करतो, पोतं नीट घालतो. एवढी टापटीप मी जागेपणी कधी दाखवली नव्हती, पण आजारात माणूस बदलतो.

स्वयंपाकघरात गेलो. "आई, मी मघाशी न्हाणीत गेलो होतो का?"

"मला त्या डब्याचं काही विचारू नकोस," आई माझ्याकडे पाठ करून म्हणाली.

अण्णा बाहेर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मी घातलं थोडं."

"काय घातलं?"

"माझं."

मला शब्द कळले. वाक्य कळलं नाही.

"तुमचं? माझ्या कॅनमध्ये?"

आता त्यांनी पेपर खाली केला. चेहऱ्यावर जरासुद्धा अपराधी भाव नव्हता. उलट मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय असं बघत होते. "मग काय, तळाला एवढंसं लावून परत द्यायचा होय डबा? त्या लोकांनी एवढा मोठा दिलाय. काय म्हणतील ते? शेजारणीनं आमटीची वाटी पाठवली तरी आपण ती रिकामी परत देत नाही. साखर तरी घालतो चिमूटभर."

"अण्णा, ती आमटी नाही!"

"भांडं ते भांडं."

मी झोपाळ्याची कडी धरली. "मागच्या वेळीही घातलं होतं?"

"मागच्या वेळी तर काठोकाठ," ते अभिमानानं म्हणाले. "दोन दिवस पाणी पीत होतो त्यासाठी. लॅबवाला बघत राहिला."

आतून आईचा आवाज आला, "मी सांगत होते, बोलू नका म्हणून."

सोमवारी मी मॅडमना फोन करून हे सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "दोघांचं एकत्र?" मी हो म्हटलं. मग फोन कुणीतरी टेबलावर ठेवल्यासारखा आवाज आला आणि लांबून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. परत बोलल्या तेव्हा आवाज अगदी डॉक्टरांचा होता. दोन माणसांची बेरीज झाल्यावर आकडा वर जाणारच, त्यावरून काहीच कळत नाही, पुन्हा नव्यानं करू. "आणि आता घातलंच आहे त्यांनी, तर वडिलांचंही एक वेगळं करून टाका. साठीच्या पुढचे आहेत, बीपी कधी बघितलेलं नाही म्हणता."

"मला काय झालंय?" अण्णा म्हणाले. पण वेगळा कॅन मिळतोय म्हटल्यावर तयार झाले. या वेळी तो काठोकाठ भरायचा नाही, हे त्यांच्याकडून आईनं देवासमोर वदवून घेतलं.

दहा-बारा दिवसांनी आम्ही दोघं परत मिरजेला. मॅडमनी आधी माझा कागद बघितला. "एकदम व्यवस्थित. गाठ नाही, काही नाही." बीपी बघितलं, तेही ठीक. "शिबिरात कसं चढलं होतं मग?"

"सुई दिसत होती समोर," मी म्हटलं.

"आणि चेहरा?"

"तूप," अण्णा म्हणाले.

मला उडी मारावीशी वाटत होती. पण मॅडम दुसऱ्या कागदावर थांबल्या होत्या. त्यांनी अण्णांच्या दंडाला पट्टा बांधला. फुगवला, सोडला. परत फुगवला.

"अण्णा, तुम्हाला डोकं दुखतं?"

"पहाटे जरा. होतंय की वयानं."

"झोप?"

"तीनला जाग येते. बरंच हाय की, आवरून होतं."

"तुमचा एकट्याचा आकडा यांच्या तिप्पट आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि हे बीपी घेऊन तुम्ही स्कूटर चालवत आलात? असंच राहिलं तर एक दिवस अर्धं अंग जाईल. गाठ वगैरे आपण बघून घेऊच. पण मला सांगा, टेन्शन कसलं आहे?"

अण्णा हसले. तेच, हास्यक्लबातलं. होऽऽ हो हो हो. "मला? मला कसलं टेन्शन, मॅडम? मी हास्यक्लबचा अध्यक्ष."

मॅडम हसल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. अण्णांचं हो-हो चालूच होतं, कारण कुणी सामील झाल्याशिवाय थांबायची त्यांना सवय नव्हती. खोलीत जागा कमी होती. ते हसणं भिंतीला लागून परत येत होतं. मग ते मध्येच तुटलं.

"येत नाही ओ," अण्णा म्हणाले.

"काय येत नाही?"

"हसू." त्यांनी गुडघ्यावरचा रुमाल सारखा केला. "हणबर गेल्यापासनं नाही आलं. तो काहीतरी हळूच बोलायचा आणि मला यायचं. तो गेला. पण माणसं तर उभी असतात ना रोज. मी सुरू केल्याशिवाय कुणी सुरू करत नाही. तीनला डोळा उघडला की पहिला विचार तोच, आज आवाज निघाला नाही तर? आमच्या क्लबातल्या आवटींची बायको गेली, तर ते मला म्हणाले, अण्णा, तुमच्या हसण्यावर दिवस ढकलतोय मी. आता काय करू? ह्याला घेऊन गेलो, त्याचं टेन्शन जावं म्हणून. तर ह्याच्यासाठी आणखी जोरात हसावं लागायलं."

मी अण्णांकडे बघत होतो. महिनाभर मी ज्याला घरभर, दुकानभर, पार कंपासपेटीत शोधत होतो, ते रोज पहाटे मला हाताला धरून बागेत नेत होतं.

"घरी सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"अध्यक्षाला हसू येत नाही म्हणून कसं सांगायचं?"

मॅडमनी गोळी लिहून दिली. रक्ताच्या चाचण्या, स्कॅन, सगळं लिहून दिलं. वर म्हणाल्या, "बीपी गोळीनं धरता येईल. पण रोज पहाटे तुम्ही स्वतःवर कुत्रं सोडताय, त्याला माझ्याकडे गोळी नाही. ते बंद करा."

येताना स्कूटर मी चालवली. अण्णा मागं. पूर्ण रस्ताभर त्यांनी माझा खांदा धरला होता. एकदाच बोलले. "आवटींना काय सांगू?"

मी हॉर्न वाजवला.

पुढं स्कॅन स्वच्छ निघाला, आकडाही सावकाश उतरला. पण मला आठवते ती मिरजेहून आल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

अण्णा बागेत गेले. मी मुद्दाम सोबत गेलो. नेहमीसारखा गोल झाला. सगळी अण्णांच्या तोंडाकडे बघू लागली. अण्णांनी छाती भरून घेतली आणि सोडून दिली. परत भरली. आवटी हात वर करून तयार होते. कुंभोजकर काकूंनी जीभ आधीच बाहेर काढून ठेवली होती.

"आज नको," अण्णा म्हणाले. "मला येत नाही. खरं म्हणजे दोन वर्षं येत नाही."

काकूंची जीभ बाहेरच राहिली. मला वाटलं, आता आवटी रडणार. आवटींनी हळूहळू हात खाली घेतले.

"मग तुम्ही कशाला हसत होता?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी. तुम्ही म्हणालात ना, माझ्या हसण्यावर…"

"ते मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणालो ओ. हणबर गेल्यावर तुम्ही किती उतरला होतात. म्हटलं, यांना काहीतरी काम पाहिजे. मला खरं म्हणजे सकाळी अंथरुणात पडून रेडिओ ऐकायला आवडतं."

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी येत होतात?"

"सगळीच येतात की," काकू जीभ आत घेऊन म्हणाल्या. "आमचे हे म्हणायचे, जा गं, अण्णांचं मन मोडेल."

गोल आपोआप मोडला. कुणी बाकावर बसलं, कुणी गवतात. काय करावं कुणाला सुचेना. मलाही नाही. मग पत्रावळे म्हणून एक उंच गृहस्थ होते, नेहमी गप्प असायचे, ते गुडघा दाबत म्हणाले, "निघालंच आहे तर मी पण सांगतो. गेल्या थंडीत इथं मी पडलो होतो. पालथा. गुडघ्यात कळ आली आणि गेलो. 'उचला, उचला' म्हणून ओरडत होतो मी. आणि तुम्ही सगळी माझ्याभोवती गोल करून, बोटं दाखवून हसत होता."

"पडला होता?" काकू म्हणाल्या. "आम्हाला वाटलं नवीन प्रकार हाय."

"टाळ्या वाजवत होता तुम्ही, काकू."

"चांगला वाटला म्हणून वाजवल्या."

"आणि मग एकेक करून तुम्ही सगळी माझ्याशेजारी पालथी पडलात. आवटी तर माझ्या हातावर पडले. आणि तेच धरून बसलात. अजून दर गुरुवारी करताय. मला दर गुरुवारी भीती वाटते, आता हे पालथं हास्य सुरू होणार."

अण्णा पुढं वाकले. आधी मला वाटलं चप्पल बघतायत. पण ते वर येईनात. खांदे हलत होते, आवाज अजिबात नव्हता. तोंड लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एक हात पोटावर, दुसरा हवेत काहीतरी धरायला बघत होता. मी घाबरून त्यांना मिठीच मारली.

"अण्णा! काय होतंय? गोळी घेतली होती ना सकाळची?"

त्यांनी हातानं नको नको केलं. बोलता येत नव्हतं. पत्रावळेंकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली गेले.

"काकू," मी विचारलं, "हे हसतायत का?"

कुंभोजकर काकूंनी जवळ येऊन नीट निरखून बघितलं.

"नाही बाबा," त्या म्हणाल्या. "अण्णांचं हसणं आम्ही रोज ऐकतो. हे काहीतरी वेगळंच हाय."

आवटी पाणी आणायला पळाले.